गोताड मास्तरांचं मोरस

आमच्या पालीच्या गाडीचे कंडक्टर गोताड मास्तर मॉरिशसला जाऊन आले होते, हे आज कुणाला सांगितलं तर थट्टा वाटते. मी त्यांच्याबरोबर होतो, म्हणून सांगतो.

ऐंशी सालानंतरची ती वर्षं. माझी पहिली नेमणूक पालीच्या आत, कातळ ओलांडल्यावर लागणाऱ्या एका गावातल्या प्राथमिक शाळेत झाली होती. मी राहायचो रत्नागिरीत. सकाळी स्टँडवरून निघणारी गाडी त्या गावात जाऊन थांबायची आणि संध्याकाळी तीच मला परत आणायची. गाव गोताड मास्तरांचंच; आमच्याकडे एसटीच्या कंडक्टरला मास्तर म्हणतात. कुळवाड्यांची घरं, भाताची कुणगी, आणि निम्मे पुरुष मुंबईला.

सोनू गोताड हा माणूस एका जागी ठरायचाच नाही. अंगानं काटक, वर्ण काळा, खाकी सदऱ्याचं वरचं बटण कायम उघडं. कंडक्टरच्या जागेवर मी त्यांना बसलेलं कधी पाहिलं नाही. तिथं एखादी म्हातारी असायची, नाहीतर कुणाची तरी कोंबड्यांची टोपली. गाडी थांबली की हे खाली. गाडीला एक फेरी मारायची, टायरवर थापट्या मारायच्या, एखाद्या पोराला विनाकारण "शाळा बुडवलीस काय रं?" म्हणून दरडावायचं आणि पुन्हा वर.

"मास्तर, बसा की जरा," मी एकदा म्हटलं.

"बसलो की पायात मुंग्या येतात, गुरुजी. चालत्या गाडीत चालतो, तेवढंच बरं वाटतं."

त्यांची बायको सांगायची, की घरीही ते एक गुडघा उभा ठेवून जेवतात, जशी काही गाडी सुटणार आहे.

जेवणाचा विषय निघाला म्हणून सांगतो. दिवसभर मास्तर नाना तऱ्हेच्या माणसांना हात देऊन गाडीत चढवत. पूर्णगडची मासेवाली असो, राजिवड्यातला खलाशी असो, मिशनच्या दवाखान्यातली नर्स असो. मासेवालीच्या पाटीवरून कुणी नाक मुरडलं तर म्हणत, "वास येतोय? दुपारी ताटात आल्यावर येणार नाय!" पण पाणी घरचं, भाकरी घरची. हॉटेलात चहा नाही, कुणाच्या घरी सुपारीचं खांडसुद्धा नाही. याचं कारण ते सरळ सांगायचे.

"हातानं मी सगळ्यांचा, गुरुजी. पोटानं घरचा."

त्यांच्या गाडीचे ड्रायव्हर हसनभाई. कित्येक वर्षं दोघांची ड्युटी एकत्र. गाडी गावात पोचली की एकाच आंब्याखाली दोघं जेवायचे. पण मधे चार हात अंतर, आणि मास्तरांची पाठ थोडी वळलेली. ईदेला हसनभाई न चुकता शीरखुर्म्याचा डबा आणायचे. मास्तर डबा दोन्ही हातांनी घ्यायचे, कपाळाला लावायचे आणि स्टँडवर आल्यावर हमालाला देऊन टाकायचे. धुतलेला डबा दुसऱ्या दिवशी परत जायचा. "झकास झाला होता, हसन," असं म्हणायलाही ते विसरत नसत. हसनभाई नुसते हसायचे आणि गाडी सुरू करायचे.

मास्तरांच्या पायांना एकच जागा मानवायची. ती म्हणजे जाखडीचं रिंगण. गणपतीत आमच्याकडे पुरुष गोल करून, पायात चाळ बांधून नाचतात; मधे ढोलकी आणि गाणारे. गावातल्या मंडळाचे म्होरके मास्तर. नाचताना हा माणूस वेगळाच दिसे. एरवी जी नुसती तगमग असायची, तिला तिथं ठेका मिळायचा.

एका वर्षी गावच्या मुंबईकर पोरांनी या मंडळाचा कार्यक्रम परळला लावला. तिथं मॉरिशसचे एक मराठी पाहुणे आले होते; त्यांचे पणजोबा उसाच्या मळ्यांत मजुरीला म्हणून कोकणातून तिकडे गेलेले. त्यांनी नाच पाहिला आणि डोळे पुसत स्टेजवरच आले. पुढच्या गणपतीला आमच्या गावी या, आमची मंडळी तुमचा सगळा खर्च करतील, असं त्यांनी सांगितलं. आम्हाला वाटलं, बोलायचं म्हणून बोलले असतील. पण खरंच बोलावणं आलं. मंडळाबरोबर भाषण करणारा कुणीतरी हवा, म्हणून मास्तरांनी माझं नाव घातलं.

अडचण एकच होती. गणपतीत कोकणी माणूस घर सोडून जात नाही. उलट असेल तिथून घरी येतो. मास्तरांची आई खूप थकली होती. मॉरिशस म्हणजे काय, हे तिला कळेना. तेव्हा कुणीतरी म्हणालं, मोरस गं, पूर्वी साखर यायची ते मोरस. आमच्याकडची जुनी माणसं साखरेलाच मोरस म्हणायची.

म्हातारी उठून बसली. "मोरसला? तिकडं लय मान्सं गेली रं आपली. गेली ती कोन परत आली नायत."

"मी येईन," मास्तर म्हणाले आणि लगेच अंगणात जाऊन फेऱ्या मारू लागले.

विमानात त्यांनी काय केलं, हे सांगायची गरज नाही. हवाईसुंदरीनं दोनदा हाताला धरून जागेवर आणून बसवलं.

मॉरिशसमध्ये आमचं बिऱ्हाड एका खेड्यात होतं. चारी बाजूंना ऊस, मागे डोंगर, आणि लांब समुद्राची निळी रेघ. पत्र्याचं घर सीताबाई आपाजी नावाच्या म्हातारीचं. अंगात पायघोळ झगा, डोक्यावर रुमाल, आणि तोंडात माझ्या पणजीची असावी तशी मराठी, मधेच तिकडची क्रिओल भाषा घुसलेली. "की मान्येर?" म्हणजे कसा आहेस. आम्हाला बघून ती हेच म्हणाली आणि मग म्हणाली, "पाय धुवा, बाबांनू."

गणपतीचा मांडव पाहून मी चक्रावलो. पताकांचा कागद चिनी दुकानदारानं दिलेला. पडदा शिवलेला मुसलमान शिंप्यानं. पूजेचे नारळ शेजारच्या तमिळ घरातून. आणि हे सगळे संध्याकाळी आरतीला हजर, आपापल्या पोरांना कडेवर घेऊन. मी शुद्ध मराठीत लांबलचक भाषण केलं. त्यातलं निम्मं कुणालाच कळलं नाही. पण टाळ्या सगळ्यांनी वाजवल्या.

मास्तर मात्र बेचैन. त्यांनी पिशवीतून तांदूळ आणि कुळीथ नेले होते. सीताबाईच्या परसात तीन दगड मांडून ते स्वतःचं वेगळं शिजवायला लागले. म्हातारी दारात उभी राहून बघायची, काही बोलायची नाही. पहाट झाली की मास्तर उसाच्या वाटांनी चालत सुटायचे. एकदा आम्ही बसनं शहरात गेलो, तर हे तिथल्या कंडक्टरच्या मागे उभे. त्या गाडीत तमिळ बायका होत्या, आफ्रिकी वंशाचे कोळी होते, टोपीवाले मुसलमान होते, एक चिनी आजोबा मांडीवर कोबी घेऊन बसले होते. शेवटी मास्तरांना राहवेना. "आत सरका, आत सरका!" ते आपल्या भाषेत ओरडले, आणि काय नवल, लोक सरकले! तो कंडक्टर इतका हसला, की त्यानं आपली टोपी काढून यांच्या डोक्यावर ठेवली.

त्याच संध्याकाळी ती गोष्ट घडली.

आमचं आणि तिथल्या मंडळींचं एकत्र रिंगण व्हायचं होतं. तेही जाखडीच नाचत, झाकरी म्हणत. आम्ही शिकवायला आलो होतो, पण त्यांचे ठेके आमच्याहून जुने होते. सगळे उभे राहिले. त्यात एक उंच तरुण होता, आफ्रिकी तोंडवळ्याचा, कुरळ्या केसांचा, गळ्यात क्रूस. त्याचं नाव मिशेल. तो चाळ हातात घेऊन रिंगणात शिरला आणि मास्तर थांबले.

"हा कोण?"

कुणीतरी म्हणालं, "नाचणारा."

"हा गणपतीचा नाच हाय. ह्याला बाहेर उभा करा."

ढोलकी थांबली. मिशेलला मराठी बोलता येत नव्हती. पण बोट कुणाकडे दाखवलंय हे कळायला भाषा लागत नाही. तो मागे सरला. तेव्हा सीताबाई मांडवातून पुढे आली. आवाज चढवला नाही तिनं.

"मिशेल माजा नातू हाय. माज्या लेकीचा. माज्या आज्यानं माज्या बापाला हा नाच दिला, बापानं मला. बायांना नाचायला नव्हता, तरी मी पायात भरून घेतला. आमची पोरं शहरात गेली. ह्यो राह्यला. सगळी गाणी ह्याला येतात. ह्याला भायेर काढलास, बाबा, तर तू गेल्यावर हितं कोन नाचंल?"

मास्तरांनी आपले चाळ सोडले, खाली ठेवले आणि निघून गेले. त्या संध्याकाळी नाच झाला नाही. मंडळातल्या काहीजणांना मास्तरांचं बरोबर वाटत होतं. काहीजण म्हणत होते, पाहुणचार खाऊन असं वागतात का.

सकाळी मी त्यांना शोधायला गेलो. उसाच्या शेतात काळ्या दगडांचे मोठमोठे ढिगारे असतात तिथं. जमीन साफ करताना वेचून रचलेले. त्यातल्या एकाभोवती ते फेऱ्या घालत होते.

"गुरुजी, हे दगड आपल्याकडच्या माणसांनी वेचले. म्हातारीनं सांगितलं. त्यांच्या जोडीला कोण होतं? तमिळ होते, ह्या पोराच्या बापाकडचे होते. दुपारी भाकरी सोडायला ही मान्सं काय चार हात लांब बसली असतील?"

ते मला विचारत नव्हतेच.

घरी आलो. सीताबाई चुलीशी होती, मिशेल परसात लाकडं फोडत होता. मास्तर दारात उभे राहिले.

"आजी, जेवायला काय हाय?"

म्हातारीनं वळून पाहिलं. "कालचा भात हाय. आन् रुगाय. ह्याच्या बापाकडचं कालवण, टमाट्याचं."

"वाढ."

ते जेवले. पहिला घास तोंडात बराच वेळ फिरत राहिला, हे मी पाहिलं. पण ताट पुसून घेतलं त्यांनी.

संध्याकाळी रिंगण भरलं. मिशेल लांब झाडाखाली उभा होता. मास्तर सरळ त्याच्याकडे गेले, खाली बसले आणि स्वतःचे चाळ त्याच्या पायाला बांधू लागले. पोरगा ओशाळला, पाय मागे घेऊ लागला. मास्तरांनी त्याचा घोटा पकडला.

"पाय थिर ठेव रे, बाबा!"

मग जो नाच झाला, तो मी तरी पुन्हा पाहिला नाही. मिशेल गाण्याच्या शेवटी अशी काही गिरकी घ्यायचा, की आमची मंडळी नाचायचं विसरायची. मास्तर त्याच्या मागे मागे तीच गिरकी शिकत होते, चुकत होते, हसत होते.

त्यानंतर परतीपर्यंत ते कुणाकुणाकडे जेवले! चिनी दुकानदाराकडे शेवया, शिंप्याकडे बिर्याणी, तमिळ घरात केळीच्या पानावर. जाईल तिथं "की मान्येर?" आणि जाईल तिथं "ह्याला काय म्हणता?" निघताना सीताबाईनं त्यांच्या तोंडावरून हात फिरवला. बोटं आपल्याच कानशिलावर मोडली आणि आत निघून गेली. बाहेर आली नाही.

रत्नागिरीला उतरलो आणि मास्तर घरी जायच्या आधी राजिवड्यात हसनभाईंच्या दारात गेले. मला बरोबर ओढलंच.

"हसन, जेवायला आलोय."

हसनभाई ओटीवर जाळं विणत होते. त्यांनी सुई खाली ठेवली.

"माझं घर स्टँडपासून किती लांब आहे रे, सोनू?"

"जवळ हाय."

"मग वाटेत मोरस कशाला लागलं तुला?"

हसनभाई पुढे म्हणाले, "डबा हमालाला जायचा, ते मला पहिल्या ईदेपासून माहीत होतं. तरी आणत राहिलो. बायको विचारायची, आवडला का त्यांना? मी हो म्हणायचो. तू माझ्याशी खोटं बोललास, मी तिच्याशी."

आतून भाभींनी सगळं ऐकलं असणार. त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आधी जेवू दे त्यांना. भांडण काय, गाडीतपण करता येईल."

तांदळाची भाकरी आणि बांगड्याचं कालवण होतं. मास्तर मान खाली घालून जेवले. हात धुताना हसनभाई त्यांच्या हातावर पाणी ओतत होते. ओतता ओतता सहज विचारल्यासारखं म्हणाले, "माझ्याकडे जेवलास. चांगलं झालं. तुझ्या गावच्या खालच्या वाडीत जेवलायस का कधी?"

मास्तरांचे हात पाण्याखाली तसेच राहिले.

खालची वाडी म्हणजे बौद्धवाडी. तिथल्या धोंडूची नात माझ्या वर्गात होती. धोंडू आणि मास्तर एका वयाचे. धोंडू बरीच वर्षं मुंबईच्या गोदीत काम करून गावी परतला होता. काही दिवस मास्तर गाडीत फारच सैरभैर होते. तिकिटं चुकवायचे, स्टॉप विसरायचे. मग एका दुपारी गाडी गावात थांबल्यावर आंब्याखाली न जाता ते उतार उतरू लागले. मला म्हणाले, "गुरुजी, चला. एकट्यानं पाय उचलत नाय."

धोंडू ओट्यावर पेपर वाचत होता. चष्म्यावरून बघत म्हणाला, "सोनू? वाट चुकलास काय?"

"जेवायला आलोय."

"कुणी पाठवला?"

मास्तरांनी खरं ते सांगितलं. "हसननं विचारलं, तिथं कधी जेवलास काय. मला उत्तर नाय आलं."

धोंडूनं पेपर नीट घडी करून बाजूला ठेवला. "तुमच्या अंगणात नाच असायचा, तेव्हा आमी पोरं बांधावर उभी राहून बघायचो. मला सगळी गाणी पाठ होती. एकदा राहवलं नाय, बांधावरून मोठ्यानं गायला लागलो. तुझ्या बापानं ढेकूळ फेकून मारलं. इथं लागलं." त्यानं कानामागे बोट ठेवलं.

"माझ्या ध्यानात हाय."

"तुझ्या ध्यानात हाय. तरी तू नाचत राहिलास."

आत भांड्यांचा आवाज येत होता. मग मास्तर अडखळत म्हणाले, "धोंडू, येत्या गणपतीला तू ये रिंगणात. मी माझ्या हातानं चाळ बांधीन. मंडळाला मी बघतो."

धोंडूनं मान हलवली. तो चिडला नव्हता. "आता नाय, सोनू. आमी देव सोडला, त्याच्याबरोबर नाचही सोडला. मला तेव्हा यायचं होतं. आता तुला हवंय म्हणून मी का यायचं? भूक लागली असेल तर जेव. त्याला माझी ना नाय."

मास्तर जेवले. कुळथाची पिठी आणि भात. जेवताना त्यांनी नीट मांडी घातली होती. घाई केली नाही. वर गाडीचा हॉर्न वाजला, हसनभाईंनी मुद्दामच वाजवला असेल, तरीही ते उठले नाहीत.

ही गोष्ट संध्याकाळपर्यंत गावभर झाली. भावकी बसली. मॉरिशसला काय केलंत ते तिकडे, इथं मंडळाच्या म्होरक्याला असलं चालणार नाही, असं ठरलं. चूक झाली, एवढंच मास्तरांनी म्हणायचं होतं. त्यांनी ते म्हटलं नाही. त्यांची आई तेवढी म्हणाली, "मोरसला जाऊन आला माजा सोनू, आन् आता घरातल्या घरात हरवला." ती पुढच्या पावसात वारली. खांदा द्यायला हसनभाई होते. धोंडू स्मशानापर्यंत आला आणि शेवटपर्यंत थांबला.

त्या गणपतीला जाखडी दुसऱ्याच्या म्होरकेपणाखाली झाली. मास्तरांना कुणी बोलावलं नाही. ते बांधावर उभे राहून बघत होते. मी शेजारी गेलो, तर हळूच म्हणाले, "इथनं ठेका लय स्वच्छ ऐकू येतो, गुरुजी." बाकी काही बोलले नाहीत, पण त्यांची टाच जमिनीवर पडत होती.

मग त्यांनी बदली मागून घेतली. आधी दापोलीला गेले. तिथून कुणीतरी बातमी आणली, की आंजर्ल्याच्या गाडीवरचा कंडक्टर वाटेतल्या कुणाच्याही घरी जेवायला जातो आणि कालवणाचं नाव विचारतो. नंतर ऐकलं, चिपळूणला आलेत. हसनभाईंना ते अधूनमधून भेटत. पण भेट म्हणजे काय, आले, जेवले, निघाले.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते चिपळूणच्या अलीकडे, मुंबई-गोवा रस्त्यावर. मी रत्नागिरीला परत येत होतो. रस्त्याचं काम चाललं होतं, एका बाजूची गाडी सोडून मग दुसऱ्या बाजूची सोडत होते. कर्नाटकातून आलेली मजुरांची बिऱ्हाडं रस्त्याकडेला पडली होती. समोर चिपळूणकडे जाणारी गाडी उभी होती, आणि तिचा कंडक्टर एका चुलीपुढे उकिडवा बसलेला. केस पांढरे झालेले, सदऱ्याचं बटण उघडं. एक मजूर बाई त्यांना ज्वारीची भाकरी देत होती आणि बोट दाखवून काहीतरी सांगत होती. मास्तर तिच्या तोंडाकडे बघून तो शब्द म्हणत होते.

त्यांच्या ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. गाडीतले लोक ओरडायला लागले. मीही खिडकीतून हाक मारली. पण रोलरच्या आवाजात ती कुठली पोचणार! गाडी हलली. मास्तर भाकरी हातात घेऊन धावत सुटले, पळता पळता एक तुकडा तोंडात टाकला आणि दांडी पकडून पायरीवर चढले. लोंबकळत मागे वळले आणि त्या बाईनं शिकवलेला शब्द मोठ्यानं ओरडले. चुकीचा ओरडले असावेत. कारण ती बाई तोंडाला पदर लावून हसत होती, आणि धुळीतून दोन पावलं पुढे येऊन, हात उंचावून, पुन्हा एकदा नीट करून सांगत होती.